झाड कोणी दाखवले?

चतुर्थी जवळ आली की गोव्यातल्या बाजारांत माटोळीचे सामान मांडले जाते. कांगणे, घागऱ्या, कवंडळे, आंबाडे, तोरंजने, सुपारीची शिपटी. काणकोण, केपे, सांगे भागांतले वेळीप आणि गावडे यांतले बरेचसे रानातून आणतात. आपण भाव करतो, पिशवी भरतो आणि घरी येऊन मूर्तीच्या वर माटोळी बांधतो. कोणते फळ औषधी, कोणते विषारी, कोणत्या डोंगरावर कधी मिळते, हे ज्यांना ठाऊक असते त्यांचे नाव मात्र आपण विचारत नाही.

ही सवय जुनी आहे. 1563 साली गोव्यातच छापलेल्या गार्सिया द ऑर्ता यांच्या ग्रंथात इथल्या औषधांची भरपूर माहिती आहे. ती देणारे बहुतेक निनावी राहिले. शंभरेक वर्षांनी कोचीत वेगळे घडले. तिथला डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने ‘हॉर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ तयार करवला. 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला त्याचे 12 खंड निघाले. एळवा समाजातले वैद्य इट्टी अच्युतन यांनी आपल्या घराण्याच्या ग्रंथातली माहिती सांगितली. रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या कोकणी वैद्यांनीही मदत केली. पोर्तुगीज अमलात गोवा सोडून गेलेल्या समाजातले हे लोक. त्यांची 1675 सालची साक्ष कोकणीत, नागरी लिपीत, पहिल्याच खंडात छापलेली आहे. याचा आपल्याला अभिमान वाटतो, आणि तो रास्त आहे. पण रानात जाऊन फांद्या-फळे आणणारी माणसेही होती. त्यांची साक्ष ग्रंथात नाही.

नाव छापले म्हणजे सगळे देणे फिटले का? याचे उत्तर केरळातच, तीनशे वर्षांनी शोधले गेले. 1987 साली अगस्त्य पर्वतात शास्त्रज्ञांचे एक पथक काणी आदिवासी वाटाड्यांबरोबर फिरत होते. चढणीने शास्त्रज्ञ दमले, वाटाडे मात्र ताजेतवाने. ते मधूनमधून एक रानफळ खात होते. झाडाविषयी विचारल्यावर त्यांनी आधी सांगायचे टाळले. ते जमातीचे गुपित होते. पुढे त्यांनी ‘आरोग्यपच्चा’ दाखवली. तिच्या पानांपासून ‘जीवनी’ हे औषध झाले. 1995 साली ते बनवण्याचा परवाना 10 लाख रुपये आणि विक्रीवर 2 टक्के या बोलीने एका औषध कंपनीला दिला गेला. त्यातला अर्धा वाटा काणींचा ठरला आणि 1997 साली त्यासाठी त्यांचा ट्रस्ट उभा राहिला.

जगभर या कराराचे कौतुक झाले. तरीही काणींमधल्या काही वैद्यांनी, म्हणजे प्लाथींनी, आक्षेप घेतला. गुपित सांगणारे दोघे-तिघे. ज्ञान सगळ्या जमातीचे. मग संमती कोणाची धरायची? शिवाय पाने तोडण्यावरून वनखात्याशी तंटा झाला. वाटा ठरला, पण झाडावर हक्क कोणाचा हे ठरलेच नव्हते.

2002 च्या जैवविविधता कायद्याने लाभाच्या वाटपाची तरतूद केली. गावोगावच्या समित्यांनी लोकांना बरोबर घेऊन नोंदवही करायची, असेही आता ठरले आहे. पण कायद्याआधी रीत असते, आणि त्या रीतीत आम्हीही चुकलो आहोत. आमच्या एका जुन्या अंकात रानऔषधांची माहिती छापली होती. ती एका वयस्क बाईंनी बाजारात बसल्या बसल्या सांगितली होती. छापू का, असे आम्ही त्यांना विचारले नाही. त्यांचे नाव दिले नाही, अंकही पोचवला नाही.

यंदा मंडळाची मुले माटोळीच्या जिनसांची यादी करणार आहेत. आम्ही त्यांना एवढेच सांगितले आहे: आधी विचारा. नको म्हटले तर वही मिटा. औषधाचे काही कळले, तर ते एकट्याने सांगायचे आहे की वाड्यातल्या वडीलधाऱ्यांना विचारून, हे त्यांनाच ठरवू द्या. हो म्हणाले तर, त्यांची इच्छा असल्यास, नाव लिहा. आणि यादी झाली की तिची पहिली प्रत त्यांच्या वाड्यावर नेऊन द्या.