मूठ, पॅड आणि प्रमाण

चुडाव्यात तत्त्वज्ञानाचा माणूस बोलायला उभा राहिला म्हणजे आता वेदान्त ऐकावा लागणार, अशी आपली समजूत झाली असेल. आज आम्ही बोलणार आहोत ठोशांबद्दल.

कारण घरातलंच आहे. आमची नात नांदेडला वुशू शिकते. वुशू म्हणजे चिनी युद्धकला, आणि त्यातला समोरासमोर लढायचा प्रकार म्हणजे सान्दा. रविवारी ती गावी आली की अंगणात आम्हाला पॅड धरायला लावते. पहिल्या दिवशी आम्ही पॅड नुसतं हवेत धरलं. तिचा ठोसा बसला आणि पॅड आमच्याच नाकावर आदळलं. ती म्हणाली, "आबा, सैल धरू नका. तुम्हालाही लागेल आणि माझं मनगटही मुरगळेल."

मग तिनं शिकवलं. कोपर थोडं वाकवायचं, पॅड अंगाजवळ ठेवायचं, आणि ठोसा येताना हात मागे न नेता जरासं पुढे जाऊन तो घ्यायचा. मारणाऱ्यानं मनगट सरळ ठेवायचं, पहिल्या दोन बोटांच्या गाठी लागल्या पाहिजेत, आणि जोर खांद्यातून नव्हे, टाच वळवून कमरेतून आणायचा. आडव्या लाथेला चिनी भाषेत 'चाबूक-पाय' म्हणतात. कंबर आधी फिरते, पाय मागून सपकन येतो. पॅडला तिकडे 'बा' म्हणतात. 'बा' म्हणजे निशाण. ठोसा नीट बसला तर आवाज एक येतो, चुकला तर दुसरा. तिथे लपवालपवी चालत नाही.

आम्ही आयुष्यभर वर्गात प्रमाणशास्त्र शिकवलं. ज्ञान खरं कशावरून, हा त्याचा प्रश्न. पॅड हे मुठीचं प्रमाण आहे. आणि चिनी युद्धकलेचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास हा बराचसा या प्रमाणाच्या शोधाचा इतिहास आहे.

1900 साली चीनमध्ये परकीयांविरुद्ध उठाव झाला. इंग्रजांनी त्याला 'बॉक्सर' उठाव म्हटलं, कारण उठावकरी मुष्टियुद्धाचा सराव करत. विधी आणि कवायत केली की अंगाला गोळी लागत नाही, अशी त्यांच्यातल्या अनेकांची श्रद्धा होती. त्यांचा राग खोटा नव्हता. देश लुटला जात होता. पण श्रद्धा तपासलेली नव्हती, आणि तिची किंमत जिवानं मोजावी लागली. तो उठाव मोडायला आठ देशांच्या फौजा गेल्या. त्यातल्या इंग्रजांच्या फौजेत आपले हिंदी शिपाई होते, हेही विसरू नये.

पुढे 1928 मध्ये नानकिंगला सरकारी युद्धकला संस्था निघाली आणि त्याच वर्षी उघड्या मंचावर स्पर्धा झाली. तिथे उलट टोक गाठलं गेलं. संरक्षक साधनं नव्हती, माणसं इतकी जखमी झाली की लढती थांबवाव्या लागल्या. म्हणजे तपासणी नसली तर भ्रम, आणि बेबंद तपासणी केली तर माणूसच मोडतो. या दोन्हींतून वाट काढत 1979 नंतर आजचा सान्दा घडला. हातमोजे आले, छातीला कवच आलं, डोक्याला टोप आला, आणि रोजच्या सरावाला पॅड. 1990 च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत वुशू आलं. त्याच्या आदल्याच वर्षी भारतात वुशूची राष्ट्रीय संघटना झाली होती.

आपल्याकडेही ही गरज ओळखली गेली होती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवं रूप दिलं. लाकडी खांब हाच प्रतिस्पर्धी मल्ल मानून त्यावर पकडी बसवायच्या. 1936 मध्ये बर्लिनला ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं भारतीय व्यायामाची प्रात्यक्षिकं केली, आणि त्याच वेळी तिथे चिनी वुशूचीही प्रात्यक्षिकं झाली. दुबळे म्हणून हिणवलेले दोन देश जगाला आपलं अंग दाखवत होते.

आता आमची एक चूक सांगतो. तरुणपणी आम्ही वर्गात ठासून सांगायचो, की कुंग-फू आपणच चीनला दिलं. बोधिधर्म इथून गेला आणि शाओलिनच्या भिक्षूंना त्यानं ते शिकवलं. मुलं टाळ्या वाजवायची. शाओलिन विहार पाचव्या शतकाच्या अखेरीस एका भारतीय भिक्षूसाठी बांधला गेला, हे खरं. पण तो बोधिधर्म नव्हे. बोधिधर्माचा सर्वांत जुना उल्लेख 547 च्या सुमाराचा. त्यात तो इराणी म्हटला आहे, आणि मुष्टियुद्धाचा तिथे शब्दही नाही. व्यायामाचा जो ग्रंथ त्याच्या नावावर खपतो, तो सतराव्या शतकातला. तांग हाओ नावाच्या चिनी अभ्यासकानं 1930 मध्येच ही कथा खोडून काढली होती. त्यानंतर कितीतरी वर्षांनी आम्ही तीच सांगत होतो. आमचं पॅड कुणी धरलंच नव्हतं.

परवा नातीनं विचारलं, "आबा, सर म्हणतात हे मुळात आपलंच आहे. खरं का?" तिला आम्ही हे सगळं सांगितलं. ती जरा हिरमुसली. मग म्हणाली, "मग मी शिकते ते माझं नाही का?"

मित्रहो, उत्तर तिच्या प्रश्नातच होतं. कला कुणी शोधली यावरून ती कुणाची ठरत नाही. जो तिचा घाम गाळतो, त्याची ती होते. गणित सगळ्या जगाचं झालं तसंच. अभिमानाला खोट्या वंशावळीची गरज नाही.

आपल्या मुली ठोसा मारायला शिकताहेत, याचा आनंद माना. पण घरातल्या मोठ्यांनी त्यांच्यासाठी पॅडही धरावं: घट्ट, अंगाजवळ, आणि ठोसा आला की जरा पुढे होऊन. प्रश्न आला तरी तसंच.