सर्प, देवचार आणि पहिले पाप

गोंदिया जिल्ह्यातील नागझिरा अभयारण्याचे नाव तेथील नागाच्या देवस्थानावरून पडले, असे सांगतात. नागपंचमीला वारुळाशी दूध-लाह्या ठेवणाऱ्या महाराष्ट्रात सर्प भयंकर असला, तरी देव आहे. अशा लोकांना, जगात पाप शिरले ते एका सर्पाच्या बोलण्यातून, ही कथा कोणत्या शब्दांत सांगावी? चारशे वर्षांपूर्वी गोव्यात एका इंग्रजापुढे हाच प्रश्न होता.

थॉमस स्टीफन्स हा जेझुइट धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आला आणि पुढे साष्टीत रमला. साष्टीतील देवळे १५६७ मध्येच पाडली गेली होती. धर्मांतरितांना जुनी पुराणे वर्ज्य झाली. त्यांच्या जागी ऐकायला काहीच उरले नाही. ही पोकळी भरण्यासाठी स्टीफन्सने मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ मध्ये रायतूर येथे छापला गेला, तोही रोमन लिपीत.

त्यातील आदाम-एवेची कथा मूळ बायबलमधील कथेपेक्षा बरीच मोठी आहे, आणि ही वाढ केवळ स्टीफन्सची नव्हे. ‘उत्पत्ति’च्या तिसऱ्या अध्यायात ‘पाप’ हा शब्दच नाही. तो प्रथम येतो चौथ्या अध्यायात, काइनाच्या प्रसंगी. तिथला सर्प सैतानही नाही, फक्त सर्व वनचरांत धूर्त आहे. फळाचे नाव दिलेले नाही. सर्प म्हणजेच सैतान ही ओळख नंतरच्या ग्रंथांतून पक्की झाली.

एका माणसाद्वारे पाप जगात आले आणि पापाद्वारे मरण, हे सूत्र संत पौलाचे. उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याने ते लॅटिन भाषांतरातून वाचले. ‘कारण सर्वांनी पाप केले’ अशा अर्थाचे ग्रीक शब्द तिथे ‘ज्याच्यात सर्वांनी पाप केले’ असे उतरले होते. म्हणजे आदामाच्या अपराधात अजून न जन्मलेली माणसेही सामील! ऑगस्टीनचा सिद्धान्त या एकाच वाक्यावर उभा नव्हता, पण त्याला येथे मोठा आधार मिळाला. पूर्वेकडील ग्रीक परंपरेने मात्र आदामाकडून मरण आणि दुर्बलता वारशाने येते असे मानले, अपराध नव्हे. रोमन चर्चने १५४६ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेत आपली बाजू ठाम केली: मूळपाप जन्मतःच असते व बाप्तिस्म्याने धुतले जाते. स्टीफन्स याच शिकवणीत घडलेला.

मराठी श्रोत्यांना खरी अडचण सर्पापेक्षा येथे वाटली असणार. ज्याचे कर्म त्याने भोगायचे, निदान मागच्या जन्मीचे का होईना, पण स्वतःचेच, हा त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब. पूर्वजांचा दोष कुळाला भोवतो ही समजूतही होती; पण ती एका कुळापुरती. साऱ्या मनुष्यजातीचा एकच पूर्वज आणि त्याचे एकच पाप, हे नवे होते. त्याचा दुसरा अर्थ अधिक बोचरा होता: बाप्तिस्म्याविना गेलेल्या आजा-पणज्यांचे काय?

स्टीफन्सने परके शब्द फारसे लादले नाहीत. स्वर्गासाठी त्याने ‘वैकुंठ’ घेतले. माणसाला भुलवणाऱ्या सैतानासाठी मात्र ‘देवचार’ हा शब्द वापरला. गोव्यात आणि तळकोकणात देवचार म्हणजे गावाची सीमा राखणारा, वाट चुकलेल्याला घरी पोहोचवणारा राखणदार. धर्मकथेने त्याचे नाव पुसले नाही. त्याला पापाच्या दारात उभे केले.

पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषांवरच बंदीचा हुकूम काढला. क्रिस्तपुराणाच्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज ज्ञात नाही. हस्तलिखितांवरून तो ग्रंथ १९०७ मध्ये मंगळूरला पुन्हा छापला गेला. देवचार मात्र दोन्हीकडे टिकला. गोव्यातील ख्रिस्ती घरांत या शब्दाचा अर्थ आजही सैतान असाच आहे, आणि त्याच गावच्या वेशीवर हिंदू शेजारी त्याला रोट, विडी आणि दारू ठेवतात.