झाडें मोजण्याची विद्या

रानांतील झाडें मोजावीं, हें काम ऐकावयास सोपें आहे. परंतु मोजणाऱ्याची चूक कित्येकदां एका पिढीनंतर उघडकीस येते, आणि तोंवर रान नाहींसें झालेलें असतें. म्हणून वनविद्येच्या शिक्षणाचा इतिहास हा बऱ्याच अंशीं पाहण्याच्या व मोजण्याच्या साधनांचा इतिहास आहे.

सन १८५६ त डीट्रिख ब्रँडिस हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रह्मदेशांतील पेगू प्रांतीं सागवानी रानांचे अधिकारी म्हणून आले. व्यापाऱ्यांना भरमसाट तोड हवी होती. ब्रँडिस यांचें म्हणणें, दरवर्षीं जितकीं झाडें पक्व होतील तितकींच तोडावीं. पण तीं किती, हें सांगणार कोण? ब्रँडिस हत्तीवर बसून रानांतून जात. हातांत बांबूच्या काठ्या, एकेका जाडीच्या झाडांना एकेक काठी. साग दिसला कीं चाकूनें तिच्यावर खांच पडे. पावसापाण्यांत ती पुसली जात नसे. या खांचांवरून रानाचा हिशेब झाला, आणि त्यावर तोडीची मर्यादा ठरली.

पुढें १८७८ त त्यांच्याच प्रयत्नानें डेहराडून येथें वनशाळा निघाली. १९०६ त तेथेंच संशोधनसंस्था झाली. या विद्येंत सूक्ष्मदर्शकानें नवी दृष्टि दिली. सागाच्या प्रत्येक वार्षिक वलयाच्या आरंभीं मोठ्या छिद्रांची रांग असते. पातळ कापावरून ती एकदां ओळखतां आली, म्हणजे पानें-फुलें नसलेला ओंडकाहि आपली जात सांगूं लागतो.

मग विमान आलें. १९२४ त इरावतीच्या मुखाकडील रानांचीं छायाचित्रें आकाशांतून घेण्यांत आलीं. एकाच जागेचीं दोन चित्रें जोडभिंगांतून पाहिलीं असतां झाडें उभीं राहिलेलीं दिसतात, व त्यांची उंची मोजतां येते. ही कला शिकविण्यासाठीं १९६६ त डेहराडून येथेंच, डच साह्यानें, एक संस्था स्थापन झाली. पुढें उपग्रह आले, आणि १९८७ त देशांतील वनांचा पहिला अहवाल त्यांच्या चित्रांवरून तयार झाला.

तथापि उपग्रहाला पानांचा विस्तार दिसतो, रान दिसत नाहीं. सरकारी व्याख्येप्रमाणें एक हेक्टराहून मोठी आणि दहा टक्क्यांहून अधिक छाया असलेली जमीन वनाच्छादित गणली जाते. कोंकणांतील आमराई आणि सह्याद्रीवरील पुरातन रान हीं दोन्हीं त्या एकाच बेरजेंत बसतात. बेरीज वाढली म्हणजे रान वाढलें, असें मानणारा तीच चूक करतो, जी पेगूच्या व्यापाऱ्यांनीं केली.

म्हणून चित्र वाचावयास शिकलेल्या विद्यार्थ्याला अद्यापिहि त्या ठिकाणीं पायीं जाऊन पडताळा घ्यावा लागतो. साधन हत्तीवरून आकाशांत गेलें. पण झाडापाशीं जाऊन तें कोणतें हें ओळखणारा डोळा मात्र गुरूलाच घडवावा लागतो.