‘स्वतंत्र कामकरी’ : एका संज्ञेची गणना

ठाणे खाडीच्या पूर्वेस वसलेले घणसोली हे मूळचे आगरी-कोळ्यांचे गाव. १९५१ च्या जनगणनेत स्वावलंबी व्यक्तींचे मालक, नोकर व स्वतंत्र कामकरी असे तीन वर्ग कल्पिले होते. जो कोणाचा नोकर नाही व ज्याच्या पदरी नोकर नाही तो ‘स्वतंत्र’, अशी ही निषेधात्मक व्याख्या होय. स्वतःच्या होडीने मासे मारणारा कोळी तीत सहज बसे.

१९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादनाखाली आल्या. घणसोली त्यांपैकीच एक. जमीन गेल्यावर वाहतूक, बांधकाम, मजूरपुरवठा यांची कामे पुढे आली आणि त्यांबरोबर गणनेची अडचणही. रंगकाम करणारा एखादा कारागीर एखादी खोली ‘उक्ती’ घेतो तेव्हा तो स्वतंत्र. हाताखाली दोन गडी रोजाने लावले की मालक. चौथ्या दिवशी दुसऱ्याच्या कामावर गेला की रोजंदार. आठवडा एक, वर्ग तीन!

दांतवाला समितीने १९७० च्या अहवालात नेमका या मिश्रणावर बोट ठेवले : स्वयंरोजगार व मजुरी एकमेकांत गुंतलेल्या समाजात रोजगाराचा एकच गोळाबेरीज आकडा दिशाभूल करतो. त्यानंतरच्या १९७२-७३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत (२७ वी फेरी) नेहमीची, साप्ताहिक व दैनिक अशा तीन कसोट्या लावण्यात आल्या. दैनिक कसोटीत अर्ध्या दिवसाचीही नोंद होऊ लागली. तथापि नेहमीच्या कसोटीत वर्षातील अधिक काळाचे काम तेवढे उरते, आणि तोच आकडा बहुधा उद्धृत केला जातो.

अन्वेषकाच्या भाषेचा प्रश्न याहून बिकट आहे. ‘कंत्राटदार’ म्हणजे काम देणारा, तर १९७० च्या कायद्याने रूढ केलेला ‘कंत्राटी कामगार’ म्हणजे त्याच्याकडे राबणारा. स्वतःच्या अंगावर काम घेणारा या दोहोंत नाही. त्याच्यासाठी मराठीत ‘उक्ते’ हा नेमका शब्द आहे, पण तो विचारणाऱ्याच्या तोंडी असेलच असे नाही. ‘कंत्राट घेता का?’ या प्रश्नाला असा कारागीर ‘नाही’ म्हणेल, आणि ते खोटेही ठरणार नाही.

२०१८ साली जिनीव्हा येथील श्रमसांख्यिकी परिषदेने ‘परावलंबी कंत्राटदार’ हा वेगळा वर्ग मान्य केला. २०१७ साली सुरू झालेल्या नियतकालिक श्रमबल पाहणीच्या मूळ संकेतावलीत मात्र ११ हा अंक स्वतःच्या हिमतीवर धंदा करणाऱ्याचा, ३१ पगारदाराचा आणि ५१ इतर रोजंदाराचा. घरोघर जिन्नस पोचवणाऱ्या दुचाकीस्वाराचा दर दुसरा ठरवतो, गाडी व पेट्रोल त्याचे स्वतःचे; ११ खाली तो होडीवाल्या कोळ्याच्या शेजारी जाऊन बसतो. नीती आयोगाने २०२२ साली २०२०-२१ साठी दिलेला ७७ लक्षांचा आकडाही अशा कामकऱ्यांना थेट प्रश्न विचारून नव्हे, तर इतर पाहण्यांतील नोंदींवरून अनुमानलेला आहे.