धातुशोधकाचा दांडा

होळकरकालीन खुणा जपणाऱ्या अंबडसारख्या गावात मेटल डिटेक्टर म्हटले की गुप्तधनाच्या गोष्टी निघतात. या यंत्राचा खरा इतिहास मात्र जमिनीत पुरलेल्या सुरुंगांशी जोडलेला आहे.

१९४१ च्या आरंभी सुदान-इथिओपिया सीमेवर मेतेम्माच्या पुढे, खडकीच्या बॉम्बे सॅपर्सबरोबर असलेले सेकंड लेफ्टनंट प्रेमींद्रसिंह भगत यांनी चार दिवसांत ५५ मैलांच्या वाटेवरील १५ सुरुंगक्षेत्रे शोधून साफ करवून घेतली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढे १९४१-४२ मध्ये स्कॉटलंडमध्ये पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की यांनी एका माणसाने वापरायचा सुरुंगशोधक तयार केला. १९४२ मध्ये एल अलामेनला असे ५०० संच पाठवले गेले आणि सुरुंग काढण्याचा वेग ताशी सुमारे शंभर चौरस मीटरवरून दोनशेपर्यंत गेला, असे सांगतात. पण यंत्राचे वजन होते सुमारे १४ किलो! त्यातला जड भाग पाठीवर घ्यावा लागे आणि हातात दांड्याच्या टोकाचे वेटोळे उरे.

ते हलके वेटोळेही हात का दमवते? उत्तर तरफेत आहे. अर्धा किलोचे वेटोळे मुठीपासून एक मीटरवर असेल, तर मनगटावर येणारे परिबल मुठीपासून १० सेंटिमीटरवर टांगलेल्या ५ किलोंइतके असते. दमलेला हात वेटोळे वाकडेतिकडे, उंच फिरवतो आणि नेमका सुरुंग निसटतो.

म्हणून पुढे दांडा बदलत गेला. तो मुठीच्या मागे कोपरापर्यंत वाढवला, तिथे हात टेकवायला खोबण दिली. आता मूठ झाली टेकू आणि मनगटाचे काम बाहूकडे गेले. मुठीजवळ दांड्याला बाक दिल्याने मनगट सरळ राहते. बॅटरीची पेटी कोपराखाली नेली, की एकूण वजन तेवढेच राहूनही तोल सावरतो. एक किलोची पेटी मुठीमागे ३० सेंटिमीटरवर असेल, तर वरील परिबलापैकी तीन पंचमांश तीच पेलते. वेटोळ्याजवळचा दांडा मात्र प्लॅस्टिकसारख्या अधातूचाच हवा. नाहीतर यंत्र आपल्याच दांड्याला धातू समजेल.

वर्गात हे सहज करून पाहता येईल. १३० सेंटिमीटर लांबीच्या बांबूच्या एका टोकाला अर्धा लिटर पाण्याची बाटली बांधा. आधी मोकळे टोक धरून बांबू आडवा उचला. मग मूठ ३० सेंटिमीटर पुढे सरकवा आणि मागचे टोक कोपराजवळ हाताच्या खालच्या बाजूला टेकू द्या. कोणत्या वेळी हात जास्त वेळ टिकला, हे घड्याळ लावून मोजा. कारण मात्र विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.