हजेरीपटावरचा माणूस

मामा वरेरकरांच्या 'धावता धोटा' या कादंबरीवर वर्गात चर्चा चालू असताना लालबागहून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने आपल्या आजोबांचा पितळी बिल्ला दाखवायला आणला होता. त्यावर आजोबांचे नाव नव्हते. गिरणीची आद्याक्षरे आणि चार आकडी क्रमांक, एवढेच. गिरणीत आजोबांना याच नंबराने ओळखत, आणि म्हाडाच्या घरासाठीच्या कागदपत्रांतली एक ओळ या बिल्ल्यामुळेच भरता आली, असे तो म्हणाला. मुंबईच्या कापडगिरण्यांतील माहितीव्यवस्थेचा इतिहास लिहायचा झाला तर तो या बिल्ल्यापासून सुरू करावा, असे मला त्या दिवसापासून वाटत आले आहे.

गिरण्यांच्या आधुनिकीकरणाचा प्रश्न आपल्याकडे प्रायः यंत्राच्या अंगाने चर्चिला गेला. विणकऱ्याने दोनांऐवजी तीन साचे चालवावेत काय, या 'रॅशनलायझेशन'च्या वादातून १९२८ चा सहा महिन्यांचा संप पेटला, हे आपण जाणतो. परंतु साचा कोण चालवतो, किती दिवस चालवतो, त्याचे किती पैसे झाले, ही माहिती कोणाच्या हाती असावी हा प्रश्न तितकाच जुना आहे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली पहिल्या गिरणीची कंपनी स्थापन केली, तेव्हापासून पुढची सात-आठ दशके ही माहिती मुख्यतः एका माणसाच्या डोक्यात असे. तो म्हणजे जॉबर. कामगार भरायचा त्याने, काढायचा त्याने. कोण कोणाच्या गावचा, कोण कोणाच्या खोलीवर उतरला आहे आणि कोणाकडे किती उधारी आहे हेही त्यालाच ठाऊक. स्त्रियांच्या खात्यांत हेच काम नाईकीण करी. गोऱ्या मॅनेजरला खात्यातल्या माणसांची नावेही माहीत नसत. दस्तुरी म्हणून जॉबर जे घेई, ते एका अर्थाने या माहितीचेच मोल होते.

रॉयल कमिशन ऑन लेबरने १९३१ च्या अहवालात जॉबरच्या या सत्तेवर बोट ठेवले आणि भरतीचे अधिकार त्याच्याकडून काढून घेण्याची शिफारस केली. १९३५ साली मुंबईच्या गिरणी मालक संघाने बदली नियंत्रण योजना आणली. दर महिन्याला ठरावीक बदली कामगारांना कार्डे द्यायची आणि रिकामी जागा त्यांच्यातूनच भरायची, अशी ती व्यवस्था. जॉबरची स्मृती कार्डावर उतरली, असे म्हणता येईल. मात्र हा बदल कामगाराच्या सोयीसाठी झाला असे मानण्याचे कारण नाही. माहिती जॉबरकडून कचेरीकडे गेली. कामगाराच्या हाती आले ते कार्ड. (पुढे सत्तर-ऐंशी वर्षांनी त्या कार्डाला किती किंमत येणार आहे, याची कल्पना तेव्हा कोणालाच नव्हती.)

पगाराचा हिशेब हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. १९४७ च्या औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने २६ दिवसांच्या कामासाठी किमान मूळ वेतन ३० रुपये ठरवले. त्यावर महागाईभत्ता, आणि तो राहणीमानाच्या निर्देशांकाशी जोडलेला. विणकऱ्याचा दर उक्त्या कामाचा. म्हणजे प्रत्येक साच्याचा, प्रत्येक कापडाच्या प्रकाराचा हिशेब निराळा. हजारो माणसांची ही आकडेमोड दर महिन्याला कारकून करीत. यंत्राला याहून योग्य काम ते कोणते? शिवाय छिद्रांच्या कार्डांचे तंत्र मुळात विणकामातलेच. जॅकार्डने १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये नक्षी विणण्यासाठी ती वापरली आणि १८९० च्या अमेरिकन जनगणनेत हॉलरिथने अशाच कार्डांवर माणसे मोजली. मुंबईतच १९६० साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा 'टिफ्रॅक' हा संगणक कार्यान्वित झाला, १९६८ साली टाटा कन्सल्टन्सी सुरू झाली. तिच्या सुरुवातीच्या कामांत समूहातल्या कंपन्यांसाठी पंचकार्डांवर करावयाचे हिशेब होते.

परंतु कामगाराला आकड्याशी झगडावे लागले ते संगणकाच्या निमित्ताने नव्हे. मुंबईचा निर्देशांक भाववाढ कमी दाखवतो, अशी तक्रार कामगार संघटनांनी लावून धरली आणि १९६३ साली राज्य सरकारला डॉ. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. तक्रारीत तथ्य असल्याचे समितीला आढळले. परळच्या चाळीतल्या माणसाने सरकारी सांख्यिकीला चूक कबूल करायला लावल्याची ही घटना आपल्या साहित्यात कोठेही उमटलेली मला दिसली नाही. संप आणि मोर्चे येतात, निर्देशांक येत नाही. पुढे स्वयंचलनावर नेमलेल्या समितीचे अध्यक्ष वि. म. दांडेकर होते. तिचा अहवाल १९७२ चा. मराठी अर्थशास्त्रज्ञाने लिहिलेल्या या दस्तऐवजाकडेही आपले लक्ष गेलेले नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. हा संप औपचारिकपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. लाखावर माणसे बाहेर फेकली गेली. १९८३ साली १३ गिरण्यांचे व्यवस्थापन सरकारने घेतले, काही गिरण्या लिक्विडेटरकडे गेल्या. जमिनीचे काय झाले हे सर्वज्ञात आहे. ज्युपिटर आणि एल्फिन्स्टनच्या जमिनी २००५ साली विकल्या गेल्या आणि तिथे काचेचे मनोरे उभे राहिले. फिनिक्स आणि कमला मिलच्या आवारांतही दुकाने, उपाहारगृहे आणि संगणकांनी भरलेली कार्यालये आली. दप्तराचे, हजेरीपटांचे काय झाले, हा प्रश्न मात्र त्या वेळी जवळपास कोणी विचारला नाही.

तो घरांच्या निमित्ताने पुढे आला. १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर पटावर असलेला कामगार किंवा त्याचा वारस पात्र, असा नियम झाला. जून २०१२ मध्ये ६,९२५ घरांची सोडत निघाली. अर्जदार मात्र दीड लाखाच्या आसपास. सप्टेंबर २०२३ पासून म्हाडाने पात्रता ठरवण्याची मोहीम घेतली, कागदपत्रे भरण्यासाठी मोबाइल अॅप काढले आणि वांद्र्याच्या समाजमंदिर सभागृहात ती प्रत्यक्ष स्वीकारण्याचीही सोय केली. मागितलेल्या कागदांची यादी वाचण्यासारखी आहे : तिकीट नंबर, सर्व्हिस प्रमाणपत्र, लाल पास, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, हजेरीपत्र, रजेच्या नोंदवहीची प्रत, पगाराची पावती. यांपैकी बहुतेक नोंदी मालकाच्या कचेरीने ठेवलेल्या होत्या. त्या आता कामगाराने, किंवा कोकणात वा घाटावर परतलेल्या त्याच्या विधवेने, ट्रंकेतून शोधून संगणकात भरायच्या. नोंद ज्यांनी ठेवली त्यांच्यावर ती सादर करण्याची जी जबाबदारी असायला हवी होती, ती अशी ज्याची नोंद झाली त्याच्यावर आली आहे. यात बदली कामगाराचे सर्वांत कठीण. तो वर्षानुवर्षे गिरणीच्या दारात उभा राहिला, पण पटावर अधूनमधूनच उमटला.

विद्यार्थ्याच्या घरी प्रश्न साधा होता. यादीत तिकीट नंबरची 'प्रत' हवी होती आणि हातात होता बिल्ला. शेवटी त्याने तो खिडकीत उजेडाला धरून मोबाइलवर फोटो काढला. अंक नीट उठावेत म्हणून आजीने तो आधी चिंचेने घासून दिला होता.