दोन घटिकांचे स्थैर्य

'ताणतणाव' हा शब्द अलीकडे रूढ झाला असला, तरी मनाची अस्वस्थता माणसाइतकीच प्राचीन आहे. ती शमविण्याचे मार्ग पूर्वसूरींनी कसे शोधले, याच्या खुणा महाड-पोलादपूर परिसरातही आढळतात.

महाडनजीकच्या गांधारपाले लेण्यांत इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत बौद्ध भिक्षूंचे वास्तव्य होते. तेथील एका शिलालेखात कुमार काणभोज विष्णुपालित याने दिलेले लेणे, चैत्यगृह, आठ खोल्या व पाण्याची टाकी यांची नोंद आहे. पुढे सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी शिवथरघळीच्या एकांतात दासबोध सांगितला, अशी परंपरा आहे. लेणे काय किंवा घळ काय, दोन्हींसाठी संसारापासून काहीसे दूर जावे लागे.

जैन परंपरेने हाच एकांत गृहस्थाच्या घरात आणला. सामायिक म्हणजे दोन घटिका, अर्थात ४८ मिनिटे, समभावात राहण्याचे व्रत. आसन, मुहपत्ती आणि जपमाळ एवढ्या साधनांवर व्यापारी, गृहिणी, विद्यार्थी कोणालाही ते करता येते. कायोत्सर्गात देह स्थिर ठेवून श्वासावर लक्ष दिले जाते. एका नवकारास आठ श्वासोच्छ्वास, असे त्याचे परंपरागत परिमाण आहे. सायंकाळच्या प्रतिक्रमणात दिवसभरातील चुकांची उजळणी होऊन क्षमायाचना केली जाते. मनातील सल दुसऱ्या दिवसापर्यंत वाहून न्यावा लागत नाही. १९७५ मध्ये पुढे आलेल्या प्रेक्षाध्यानाने याच वारशाला आधुनिक रूप दिले.

समभाव म्हणजे उदासीनता नव्हे. राजगृहीच्या पुणिया श्रावकाची कथा याच संदर्भात सांगितली जाते. एके दिवशी सामायिकात त्याचे चित्त स्थिर होईना. शोध घेता, न विचारता उचललेली परक्याची गोवरी घरात आल्याचे कळले. मनःशांतीचे मूळ निर्मळ व्यवहारात आहे, हे बाजारपेठेत वावरणाऱ्या समाजासाठी मोलाचे सूत्र होय.

सावित्री आणि गांधारी नद्यांच्या काठी या सूत्राची परीक्षा वारंवार झाली. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळीये गावावर डोंगर कोसळला. त्याच वेळी पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व सुतारवाडीतही जीवितहानी झाली, तर महाड शहर पुराच्या पाण्याखाली गेले. अशा आघातात अन्न, निवारा व वैद्यकीय उपचार यांना पर्याय नाही. ज्याचे दुःख अनावर झाले आहे, त्याला जपमाळ देऊन एकटे सोडणे हा धर्म नव्हे. त्याच्याजवळ बसणे, त्याचे ऐकणे आणि गरज भासल्यास त्याला वैद्याकडे नेणे हीदेखील अनुकंपाच होय.

मात्र रोजच्या दोन घटिकांनी सवय लावलेले मन संकटात लवकर सावरते आणि इतरांना सावरण्यासाठी उभे राहते. आसनावरून उठल्यावर हात सेवेकडे वळले, तर ते सामायिक सार्थ झाले असे समजावे.